डॉ. आनंदीबाई जोशी : परक्या शहरातील दिवस

परदेशी जाऊन पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांनी समुद्र ओलांडला, पदवी मिळवली आणि ऐन तारुण्यात त्यांचा अंत झाला, एवढा वृत्तांत बहुतेकांना ठाऊक असतो. परंतु समुद्र ओलांडण्यास दोन महिने लागले आणि पदवी स्वीकारण्यास एक दिवस पुरला. या दोहोंच्या मधली अडीच वर्षे त्यांनी फिलाडेल्फिया या अनोळखी शहरात काढली. तेथे त्या काय खात, काय नेसत, कोणत्या खोलीत राहत, मोकळा वेळ मिळाला तर तो कसा घालवत, याचा विचार आपण सहसा करीत नाही. प्रत्यक्षात त्यांची खरी परीक्षा याच साध्या, रोजच्या गोष्टींत होती. त्या दिवसांची ओळख या पाठात करून घेऊ.

कल्याण ते कलकत्ता

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 रोजी झाला. कल्याणच्या जोशी घराण्यातील ही मुलगी. माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रूढीप्रमाणे वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोपाळराव जोशी यांच्याशी झाला आणि यमुनेची आनंदी झाली. गोपाळराव टपाल खात्यात नोकरीस होते. वयाने ते आनंदीबाईंपेक्षा पुष्कळच मोठे होते आणि स्वभावाने हट्टी व विक्षिप्त होते. परंतु पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा निश्चय होता. नोकरीतील बदल्यांमुळे हे जोडपे अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे गावोगाव फिरले. प्रत्येक ठिकाणी लोकांच्या कुचेष्टा सोसत आनंदीबाईंचे शिक्षण चालू राहिले.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो दगावला. योग्य उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, ही जाणीव त्यांच्या मनात घर करून राहिली. स्त्रिया पुरुष वैद्यासमोर आपले दुखणे उघड करीत नसत आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. आपण डॉक्टर व्हावे, हा विचार या दुःखातून रुजला.

अमेरिकेशी त्यांचा संबंध जुळला तो एका योगायोगाने. पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापले गेले होते. 1880 साली न्यू जर्सी राज्यातील रोझेल या लहान गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दंतवैद्याकडे गेल्या असता तेथे पडलेल्या अंकात त्यांना ते दिसले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. पुढे पत्रांची देवघेव इतकी वाढली की आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. एकमेकींना न पाहिलेल्या दोन स्त्रियांमध्ये हे नाते केवळ टपालाने जुळले.

गोपाळरावांना स्वतःला त्या वेळी जाणे जमेना, म्हणून त्यांनी आनंदीबाईंना एकटीने पाठवण्याचे ठरवले. या बेतावर चहूकडून टीका झाली. 24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी भर सभेत उभे राहून आपण अमेरिकेस का जात आहोत, हे सांगितले. भारतात हिंदू स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, असे त्यांनी मांडले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असा शब्द दिला. हा शब्द पुढे परक्या शहरात रोज पाळायचा होता. 7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून जहाजात बसल्या. बरोबर काही अमेरिकन मिशनरी स्त्रिया होत्या, पण घरचे कोणीही नव्हते. लंडनमार्गे प्रवास करून 4 जून 1883 रोजी त्या न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरल्या. तेव्हा त्यांचे वय अठरा वर्षांचे होते.

रोझेलचा उन्हाळा

धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना घेण्यास आल्या होत्या. तेथून त्या रोझेल येथील त्यांच्या घरी गेल्या आणि पहिला उन्हाळा त्यांनी तेथेच घालवला. अमेरिकेतील त्यांच्या वास्तव्यातील हे सर्वांत निश्चिंत दिवस होते. घरात मुली होत्या, अंगणात झाडे होती आणि अभ्यासाचा ताण अद्याप सुरू झाला नव्हता. घरातील मंडळींनी या पाहुणीला पाहुणीसारखे न वागवता मुलीसारखे वागवले. आनंदीबाईही घरकामात सहज मिसळून गेल्या.

एकदा या घरी मराठी पद्धतीची पंगत झाली. आनंदीबाईंनी आपल्या हातांनी स्वयंपाक केला. अमेरिकन स्त्रिया साड्या नेसून जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि हातांनी जेवल्या. हा प्रसंग वाचताना आपल्याला मौज वाटते. पण त्यामागचा अर्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. परक्या देशात गेलेला माणूस तेथील रीती शिकतो, हे नेहमीचेच आहे. येथे मात्र यजमान कुटुंबानेही पाहुणीची रीत एका दिवसापुरती का होईना, आपलीशी केली. पुढच्या कठीण काळात आनंदीबाईंना जो आधार मिळाला, त्याची पायाभरणी या उन्हाळ्यात झाली.

फिलाडेल्फियातील खोली

उन्हाळा सरला आणि महाविद्यालयाचे दिवस जवळ आले. पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया शहरात स्त्रियांसाठी स्वतंत्र वैद्यकीय महाविद्यालय होते. 1850 साली स्थापन झालेली ही संस्था स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या जगातील अगदी आरंभीच्या संस्थांपैकी एक. तिच्या अधिष्ठाता डॉ. रेचल बॉडली या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी त्यांना पत्र लिहिले आणि आपला हेतू व आपली परिस्थिती त्यात स्पष्टपणे मांडली. शाळा-महाविद्यालयांच्या प्रमाणपत्रांची चळत त्यांच्याजवळ नव्हती. तरीही त्यांना प्रवेश मिळाला आणि तीन वर्षांसाठी मिळून सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

त्या काळी फिलाडेल्फिया हे अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाचे मोठे शहर होते. 1880 च्या शिरगणतीत तेथील वस्ती साडेआठ लाखांच्या घरात गेली होती. 1776 साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच शहरात मंजूर झाला आणि त्याला शंभर वर्षे झाली तेव्हा 1876 साली येथेच एक मोठे जागतिक प्रदर्शन भरले. लाल विटांच्या घरांच्या सरळ रांगा, रुळांवरून घोडे ओढीत असलेल्या ट्रामगाड्या, रस्त्यावरचे गॅसचे दिवे आणि कारखान्यांची धुराडी, असे त्याचे रूप होते. रोझेलपासून हे शहर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक दूर. आगगाडीने काही तासांत गाठता येईल एवढेच ते अंतर होते. पण मावशींचे घर सोडून एकटीने तेथे राहणे म्हणजे दुसऱ्यांदा घर सोडण्यासारखेच होते. कार्पेंटरबाई त्यांना पोचवायला आल्या आणि निरोप घेऊन परतल्या. ऑक्टोबर 1883 मध्ये अभ्यास सुरू झाला.

राहण्याच्या खोलीपासूनच अडचणींना आरंभ झाला. उत्तर अमेरिकेतील हिवाळा म्हणजे आपल्याकडील थंडी नव्हे. तेथे पारा शून्याखाली उतरतो, रस्ते बर्फाने झाकले जातात आणि दिवस लवकर मावळतो. घर उबदार ठेवणे ही तेथे चैन नसून गरज असते. आनंदीबाईंच्या खोलीतील भिंतीमधली शेगडी धड चालत नसे. ती पेटवली की खोली धुराने भरून जाई आणि विझवली की गारठा हाडांपर्यंत पोचे. धूर सोसावा की थंडी, एवढीच निवड त्यांच्या हाती होती. या दिवसांत जडलेला खोकला पुढे त्यांना पुरता सुटला नाही. नंतर त्यांनी राहण्याची जागा बदलली आणि बॉडलीबाईंनीही त्यांची काळजी घेतली. परंतु प्रकृतीला लागलेली घसरण थांबली नाही.

वस्त्र आणि अन्न

थंडीचा प्रश्न वस्त्रांशीही निगडित होता. आनंदीबाई नऊवारी साडी नेसत. हे नेसणे आपल्या हवेस सोयीचे आहे. त्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि चालण्याफिरण्यास मोकळीक मिळते. फिलाडेल्फियाच्या बर्फात मात्र हीच मोकळीक घातक ठरली. शिवाय त्या समाजात स्त्रीचे पाय दिसणे असभ्य मानले जाई. मैत्रिणी आणि हितचिंतक त्यांना पाश्चात्त्य पोशाखाचा आग्रह करीत. तो स्वीकारला असता तर अंग झाकले गेले असते, थंडी भागली असती आणि रस्त्यावरून जाताना लोकांच्या नजराही वळल्या नसत्या. पण हिंदू म्हणूनच परत येईन, हा शब्द आड येत होता. त्यातून त्यांनी मधला मार्ग काढला. त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. त्यामुळे पाय घोट्यापर्यंत झाकले जात आणि साडीही सुटत नसे.

आज आपल्याला हा बदल क्षुल्लक वाटेल. त्या काळी तो तसा नव्हता. साडी नेसण्याची पद्धत ही जात, प्रांत आणि घराणे यांची खूण होती. हा बदल गोपाळरावांना रुचेल की नाही, याची आनंदीबाईंना चिंता वाटे. हजारो मैलांवरून पतीची परवानगी मागावी तर उत्तर येण्यास दोन महिन्यांहून अधिक काळ लागणार आणि थंडी तर आजच पडलेली! अशा वेळी निर्णय स्वतःच घ्यावा लागतो आणि त्याची जबाबदारीही स्वतःच उचलावी लागते. लहानपणापासून वडील आणि पती यांच्या आज्ञेत वाढलेल्या या तरुणीने स्वतंत्र निर्णय घेण्याचा धडा असा गिरवला.

अन्नाची कथा याहून बिकट होती. आनंदीबाई शाकाहारी होत्या आणि तो नेम त्यांना मोडायचा नव्हता. तेथील भोजनात मांसाहार मुख्य असे. शाकाहारी माणसाच्या वाट्याला पाव, बटाटे, दूध आणि फळे एवढेच येई. डाळ, पिठे आणि मसाले यांची आपल्याकडील सोय तेथे नव्हती. आपला स्वयंपाक आपण करावा तर त्यात वेळ जाई आणि अभ्यास मागे पडे. अभ्यास करावा तर जेवणाची आबाळ होई. दिवसभराची व्याख्याने आटोपून थकून आलेल्या विद्यार्थिनीला पोटभर, सकस अन्न मिळणे आवश्यक असते. ते त्यांना नेहमीच मिळाले असे म्हणता येत नाही. शरीराची झीज होत गेली, तिची कारणे अशा रोजच्या ताटात दडलेली होती.

अभ्यासाचे दिवस

महाविद्यालयाचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. रसायनशास्त्र, शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, औषधिशास्त्र, प्रसूतिशास्त्र असे विषय असत. व्याख्याने इंग्रजीतून होत. शवविच्छेदन करावे लागे आणि रुग्णालयात प्रत्यक्ष रोगी तपासावे लागत. आनंदीबाईंचे इंग्रजी घरी आणि मिशनच्या शाळांत शिकलेले होते. शास्त्रीय परिभाषा त्यांना नव्यानेच आत्मसात करायची होती. सोबतच्या मुली वयाने बहुधा मोठ्या आणि पूर्वशिक्षणाने पुढे होत्या.

त्या काळात वैद्यकशास्त्रही झपाट्याने बदलत होते. क्षयरोगाचा जंतू रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 साली, म्हणजे आनंदीबाई महाविद्यालयात दाखल होण्याच्या अवघ्या एक वर्ष आधी शोधून काढला होता. रोगाचे कारण समजले होते, पण त्यावर गुणकारी औषध सापडण्यास आणखी साठ वर्षे लागायची होती. ज्या रोगाने पुढे आनंदीबाईंचा बळी घेतला तो हाच, हे लक्षात घेतले म्हणजे मन विषण्ण होते.

फुरसतीचे क्षण

एवढ्या धकाधकीत फुरसत ती किती मिळणार? तरीही आनंदीबाईंनी आपल्या मनाला विसावा देणाऱ्या काही गोष्टी सांभाळल्या. त्यांतील पहिली गोष्ट म्हणजे पत्रलेखन. गोपाळरावांना, आप्तांना आणि कार्पेंटर मावशींना त्या नियमाने पत्रे लिहीत. भारताकडे गेलेले पत्र महिना-सव्वा महिन्याने पोचे. उत्तर येईपर्यंत ऋतू बदललेला असे. गोपाळरावांच्या पत्रांत कधी कौतुक आणि उत्तेजन असे, तर कधी संशय आणि बोचरे शब्द. दूरदेशी एकट्या असलेल्या पत्नीला अशा शब्दांनी किती यातना झाल्या असतील, याची कल्पना आपण करू शकतो. तरी आनंदीबाईंनी लिहिणे थांबवले नाही. कित्येकदा त्यांनी शांतपणे, कित्येकदा स्पष्टपणे आपली बाजू मांडली. या पत्रांतूनच आपल्याला त्यांच्या रोजच्या जीवनाची ओळख होते.

दुसरा विसावा म्हणजे रोझेलचे घर. सुट्टी लागली की त्या मावशींकडे जात. तेथे गप्पा होत, घरकाम होई, मुलींची संगत मिळे आणि चार दिवस जिवाला स्वस्थता लाभे. परक्या देशात ज्याला सुट्टीत जाण्यासाठी एक घर असते, तो पूर्णपणे परका राहत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे लोकांशी संवाद. बॉडलीबाईंनी त्यांची शहरातील अनेक लोकांशी ओळख करून दिली. साडीतील ही तरुण विद्यार्थिनी पाहण्यास आणि तिच्याशी बोलण्यास लोक उत्सुक असत. भारताविषयी बोलण्याची निमंत्रणे येत. या ओळखींत जिव्हाळा होता, तसा एक ताणही होता. समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा असे तो संपूर्ण भारताविषयी, आणि उत्तर द्यायचे असे एकटीने. एका व्याख्यानात त्यांनी बालविवाहाच्या प्रथेची बाजू घेतली, तेव्हा श्रोत्यांना आश्चर्याचा धक्का बसला. स्वतः त्या प्रथेचे चटके सोसलेल्या स्त्रीने असे का बोलावे, हा प्रश्न आपल्यालाही पडतो. परक्यांच्या सभेत आपल्या समाजाची निंदा होऊ नये, ही भावना त्यामागे असू शकेल. त्यांचे ते मत आज आपण स्वीकारणार नाही. पण थोर माणसांचे चरित्र वाचताना त्यांची न पटणारी मतेही झाकून ठेवू नयेत.

याच महाविद्यालयात त्यांच्यासारख्याच दूरदेशांहून आलेल्या दोघी जणी होत्या. एक जपानच्या केई ओकामी आणि दुसऱ्या सीरियाच्या साबात इस्लामबुली. 10 ऑक्टोबर 1885 रोजी या तिघींचे एकत्र छायाचित्र काढण्यात आले. ते आजही उपलब्ध आहे. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत आणि आनंदीबाई साडीत. तिघींच्या भाषा वेगळ्या, धर्म वेगळे, देश वेगळे. तिघींना जोडणारा धागा एकच होता. आपल्या देशातील स्त्रियांवर उपचार करता यावेत, म्हणून तिघीही घरापासून दूर आल्या होत्या. ओकामी 1889 साली आणि इस्लामबुली 1890 साली पदवीधर झाल्या.

पदवी आणि परतीची वाट

1885 साली गोपाळरावही अमेरिकेस येऊन पोचले. पतीच्या येण्याने एकाकीपणा सरला. परंतु अमेरिकन समाजावर उघडपणे कठोर टीका करण्याच्या त्यांच्या सवयीने ज्यांनी आनंदीबाईंना आधार दिला, त्यांच्यापुढे अवघडल्यासारखे होण्याचे प्रसंगही आले. आनंदीबाईंची प्रकृती या सुमारास ढासळत चालली होती. खोकला, ताप आणि अशक्तपणा यांनी त्यांना ग्रासले होते. तशाही स्थितीत त्यांनी प्राचीन भारतीय आर्यांच्या प्रसूतिशास्त्रावर आपला प्रबंध पूर्ण केला. परक्या देशात, परक्या भाषेत लिहिताना विषय मात्र त्यांनी आपल्या मातीतील निवडला.

11 मार्च 1886 रोजी त्यांना वैद्यकाची पदवी मिळाली. त्या दिवशी त्यांना एकविसावे वर्ष पूर्ण होण्यास वीस दिवस बाकी होते. या समारंभासाठी पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. सभागृहात टाळ्यांचा गजर झाला आणि भारतात वर्तमानपत्रांनी त्यांचे कौतुक केले. एके काळी त्यांना पुस्तक हाती धरल्याबद्दल हिणवणाऱ्या समाजालाही आता त्यांचा अभिमान वाटू लागला.

पदवीनंतर अधिक अनुभव घेण्यासाठी त्या बोस्टन येथील स्त्रिया व मुले यांच्या रुग्णालयात गेल्या, पण प्रकृतीने साथ दिली नाही. याच सुमारास कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाचे प्रमुखपद त्यांना देऊ केले. ज्या कामासाठी एवढा अट्टहास केला, ते काम आता समोर येऊन उभे होते. आनंदीबाईंनी ते आनंदाने स्वीकारले. 9 ऑक्टोबर 1886 रोजी पती-पत्नी न्यूयॉर्कहून निघाले आणि नोव्हेंबरच्या मध्यास मुंबईस पोचले. अठराव्या वर्षी निघालेली तरुणी साडेतीन वर्षांनी परत आली ती डॉक्टर होऊन, परंतु अंगात क्षयरोग घेऊन.

कोल्हापूरच्या रुग्णालयात रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. बावीस वर्षेही त्यांना पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी अमेरिकेस कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी गावच्या दफनभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत त्या जतन करण्यात आल्या आणि तेथे त्यांच्या नावाचा दगड उभारण्यात आला. टपालाने जोडलेल्या मावशीने भाचीला अखेरपर्यंत आपल्या घरचे मानले.

चरित्राचा अर्थ

आनंदीबाईंच्या हातून एकाही भारतीय स्त्रीवर रुग्णालयात उपचार व्हावेत, एवढे आयुष्य त्यांना लाभले नाही. मग त्यांचे शिक्षण वाया गेले काय? तसे म्हणता येणार नाही. पंडिता रमाबाईंनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर 1887 साली इंग्रजीत लिहिलेले पुस्तक आनंदीबाईंच्या स्मृतीस अर्पण केले आणि त्याची प्रस्तावना बॉडलीबाईंनी लिहिली. त्या पुस्तकामुळे अमेरिकेतून रमाबाईंच्या कार्याला मदतीचा ओघ सुरू झाला. 1888 साली कॅरोलिन डॉल या अमेरिकन लेखिकेने आनंदीबाईंचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे काशीबाई कानिटकरांनी ते मराठीत लिहिले. शुक्र ग्रहावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. पुढच्या पिढ्यांतील मुलींना डॉक्टर होण्याची वाट त्यांच्या उदाहरणाने दिसली.

शिक्षणासाठी किंवा रोजगारासाठी आजही असंख्य माणसे घर सोडून परक्या शहरात जातात. तेथे भाषा वेगळी असते, अन्न वेगळे असते, राहण्याची जागा अडचणीची असते आणि आपल्या बोलण्याचालण्याकडे लोक रोखून पाहत असतात. काय धरून ठेवावे आणि काय बदलावे, हा प्रश्न त्यांच्यापुढेही रोज उभा राहतो. आनंदीबाईंनी साडी ठेवली आणि नेसण्याची पद्धत बदलली. शाकाहाराचा नेम पाळला आणि परक्यांच्या घरी मुलीप्रमाणे राहिल्या. त्यांचे सगळेच निर्णय प्रकृतीला मानवले असे नाही. काहींची फार मोठी किंमत त्यांना मोजावी लागली. एका निर्धारी माणसाभोवती पुरेशी ऊब, सकस अन्न आणि वेळेवर उपचार यांचीही तरतूद असावी लागते, हेही त्यांचे चरित्र आपल्याला सांगते. शिकणाऱ्याने जिद्द धरावी, हे खरेच. पण शिकणाऱ्याची काळजी घेणे हे त्याच्या भोवतालच्या माणसांचेही कर्तव्य आहे.

पदवीच्या दिवशी आनंदीबाईंना जो मान मिळाला, तो सर्वांनी पाहिला. धुराने भरलेल्या खोलीत, साडीचा पदर अंगाभोवती घट्ट ओढून, दिव्याच्या उजेडात पुस्तकाचे पान उलटणारी अठरा-एकोणीस वर्षांची आनंदी मात्र कोणीच पाहिली नाही. त्यांचे मोठेपण तेथे, त्या रात्रींत घडले.